परवाना, बोधचिन्ह आणि पाठीराखे : सीएसकेए सोफिया क्लबाच्या ओळखीचे प्रकरण

प्रकरणाचा आवाका

बल्गेरियाच्या राजधानीतील सीएसकेए सोफिया या फुटबॉल क्लबाला २०१५ च्या उन्हाळ्यात अव्वल लीगचा परवाना नाकारण्यात आला. त्यानंतर जेमतेम वर्षभरात क्लबाची कंपनी, परवाना, नाव, बोधचिन्ह, जिंकलेले चषक आणि पाठीराखे या सगळ्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. एकत्र कुटुंबाच्या वाटणीत जमीन एका भावाकडे, देवघर दुसऱ्याकडे आणि घराण्याचे नाव दोघांकडेही राहावे, तसा हा प्रकार होता. त्या काळात कोणत्या टप्प्यावर कोणते पर्याय उपलब्ध होते, त्यांतील कोणते निवडले गेले आणि त्याचे परिणाम कुठवर पोहोचले, याची मांडणी या लेखात केली आहे.

मालक आणि पदाधिकारी यांचा उल्लेख केवळ त्यांच्या भूमिकेने केला आहे. क्लबांची नावे व सामने मात्र झाकलेले नाहीत, कारण वाद नावाचाच असल्यामुळे ती झाकली तर सांगण्यासारखे काही उरणार नाही.

पार्श्वभूमी

सीएसकेए हा बल्गेरियन सैन्याचा क्लब. त्याची स्थापना ५ मे १९४८ ची मानली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर सत्तेवर आलेल्या साम्यवादी राजवटीत ‘चावदार’ आणि ‘सेप्तेम्व्री’ या दोन क्लबांचे विलीनीकरण होऊन तो उभा राहिला आणि त्याच वर्षी त्याने लेव्स्कीला अंतिम लढतीत हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. लेव्स्की हा सोफियातील जुना क्लब, १९१४ मध्ये शाळकरी मुलांनी सुरू केलेला. एक क्लब सैन्याचा व लाल रंगाचा, दुसरा निळ्या रंगाचा आणि स्वातंत्र्ययोद्धा वासिल लेव्स्कीचे नाव लावणारा. या दोघांचे वैर बल्गेरियन फुटबॉलच्या केंद्रस्थानी आहे आणि पुढे घडलेल्या प्रत्येक घटनेला ते चिकटलेले आहे.

मैदानावरची कामगिरी लहान देशाच्या मानाने थक्क करणारी होती. १९५४ ते १९६२ या काळात क्लबाने सलग नऊ राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. युरोपियन चषक स्पर्धेत त्याने तीन वेळा त्या-त्या वेळच्या गतविजेत्यांना बाहेर काढले : १९७३ मध्ये सलग तीन वर्षे चषक जिंकलेल्या आयाक्सला, १९८० मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला आणि १९८२ मध्ये लिव्हरपूलला. १९६७ आणि १९८२ अशा दोन वर्षी तो उपांत्य फेरीत पोहोचला. ख्रिस्तो स्तोइच्कोव्ह बार्सिलोनाला जाण्यापूर्वी येथे खेळला आणि पुढे मँचेस्टर युनायटेडमुळे आपल्याकडील प्रेक्षकांना परिचित झालेला दिमितार बेर्बातोव्हही येथूनच जर्मनीला गेला. क्लबाच्या खात्यावर एकूण ३१ राष्ट्रीय विजेतेपदे जमा होती.

या प्रकरणाच्या दृष्टीने मात्र चषकांपेक्षा नावांचा इतिहास महत्त्वाचा आहे. पहिल्या चाळीस वर्षांत या क्लबाचे नाव अनेकदा बदलले. सुरुवातीला ‘सेप्तेम्व्री’च्या पुढे सैन्याच्या मध्यवर्ती सदनाचे नाव होते, मग ‘नारोदना व्होइस्का’ म्हणजे लोकसेना आले, पुढे सीडीएनए आले. १९६२ मध्ये आणखी एक क्लब सामावून घेतल्यावर सीएसकेए ही अक्षरे आली आणि १९६०च्या दशकाच्या शेवटी त्यांना ‘सेप्तेम्व्रिस्को झ्नामे’ अशी पुस्ती जोडली गेली. हे सगळे बदल वरून आलेल्या आदेशाने झाले. सर्वांत कठोर आदेश १९८५ चा होता. १९ जून १९८५ रोजी सीएसकेए आणि लेव्स्की यांच्यात झालेल्या बल्गेरियन चषकाच्या अंतिम सामन्यात मैदानावर हाणामाऱ्या झाल्या. साम्यवादी पक्षाच्या केंद्रीय समितीने दोन्ही क्लब बरखास्त केल्याचे जाहीर केले आणि काही खेळाडूंवर आजीवन बंदी घातली. त्यांत तरुण स्तोइच्कोव्हही होता. दोन्ही क्लब नव्या नावांनी पुन्हा उभे करण्यात आले. सीएसकेएला सोफियाचे मध्ययुगीन नाव ‘स्रेदेत्स’ देण्यात आले, तर लेव्स्कीला शहराशेजारच्या पर्वताचे ‘वितोशा’. खेळाडूंवरील बंदी वर्षभरात उठली. मूळ नावे परत यायला मात्र राजवटीचा शेवट जवळ यावा लागला.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. १९८५ मध्ये सरकारने क्लब कागदोपत्री खरोखरच मोडला होता, तरीही ‘स्रेदेत्स’ म्हणजे सीएसकेए नव्हे, असे त्याच्या कट्टर विरोधकानेही कधी म्हटले नाही. खेळाडू तेच होते, बोरिसोव्हा ग्रादिना उद्यानातील मैदान तेच होते, सैन्याचा आश्रय तोच होता आणि रविवारी येणारी माणसेही तीच होती. नाव गेले, पण सलगता तुटली नाही. २०१६ मध्ये याच्या नेमके उलट घडले : नाव जवळजवळ जसेच्या तसे राहिले आणि त्याखालचे सगळे बदलले. या दोन घटना शेजारी ठेवल्या, तर बाकीचा वाद समजायला सोपा जातो.

अडचण

१९८९ नंतर सैन्याचा आधार गेला आणि क्लब खासगी मालकांच्या हाती फिरू लागला. २००६ ते २००९ या काळात तो एका भारतीय पोलाद उद्योगपतीच्या समूहाकडे होता. सोफियाजवळचा क्रेमिकोव्हत्सी हा प्रचंड पोलाद कारखानाही त्याच समूहाकडे होता आणि त्या कारखान्याचे दिवाळे निघाले तो काळ नेमका हाच. २००७–०८ च्या हंगामात सीएसकेएने एकही सामना न गमावता विजेतेपद मिळवले, परंतु थकीत देण्यांमुळे क्लबाला युरोपीय स्पर्धांचा परवाना मिळाला नाही आणि चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत त्याच्या जागी लेव्स्की खेळला. अपराजित विजेत्याच्या वाट्याला प्रतिस्पर्ध्याला आपल्या जागी खेळताना पाहणे यावे, यापेक्षा स्पष्ट इशारा मिळणे कठीण होते. २००८ चे ते विजेतेपद आजवरच्या ३१ पैकी शेवटचे ठरले आहे.

इशाऱ्याचा परिणाम झाला नाही. मालक बदलत गेले, देणी मात्र कंपनीच्याच अंगावर राहिली. बल्गेरियातील क्लबांचे उत्पन्न मुळात तुटपुंजे असते : दूरचित्रवाणीचे हक्क स्वस्त, तिकिटे स्वस्त आणि खरी कमाई खेळाडू बाहेर विकून किंवा युरोपीय स्पर्धेत पोहोचून. त्यामुळे युरोपचे दार बंद झाले की देणी फेडण्याचा मार्गही बंद होतो आणि देणी असली की युरोपचे दार उघडत नाही. सीएसकेए या फेऱ्यात अडकला. २०१४–१५ च्या हंगामात शरद ऋतूपर्यंत संघ लीगमध्ये अग्रस्थानी होता, परंतु वसंतात तो कोसळला. खेळाडूंचे पगार थकले, व्यवस्थापन बदलले आणि हंगाम संपल्यावर देशातील फुटबॉलची नियामक संस्था असलेल्या बल्गेरियन फुटबॉल युनियनने अव्वल लीगचा परवाना नाकारला.

पहिला निर्णय : खाली उतरणे

२०१५ च्या जूनमध्ये क्लबासमोर ढोबळमानाने तीन मार्ग होते. नकाराविरुद्ध दाद मागत राहणे हा पहिला, पण देणी खरी असल्यामुळे त्यातून वेळ वाया जाण्यापलीकडे काही हाती लागणार नव्हते. जुनी कंपनी सोडून नव्या नोंदणीने तळापासून सुरुवात करणे हा दुसरा मार्ग. त्यात देण्यांचा भार सुटत होता, पण कागदोपत्री सलगताही सुटत होती. जुन्याच कंपनीने, जुन्याच नावाने आणि जुन्याच देण्यांसह तिसऱ्या स्तरावर खेळायचे आणि दरम्यान धनकोंशी बोलायचे, हा तिसरा.

तिसरा मार्ग निवडला गेला. तो निवडणारा नवा मालक फुटबॉलमध्ये नवखा नव्हता. उत्तर बल्गेरियातील लोव्हेच या लहान शहराच्या ‘लितेक्स’ क्लबामागे नव्वदच्या दशकापासून त्याचेच बळ होते आणि त्याच बळावर लितेक्सने १९९८, १९९९, २०१० आणि २०११ अशी चार विजेतेपदे पटकावली होती. त्याच्यासमोर देशातले दाखलेही होते. १९१२ मध्ये स्थापन झालेला बोतेव्ह प्लोव्दिव्ह हा देशातील सर्वांत जुना क्लब २०१० मध्ये असाच बुडाला होता. तो तिसऱ्या स्तरावरून पुन्हा सुरू झाला आणि २०१२ मध्ये अव्वल लीगमध्ये परतला. बोतेव्ह खरा की खोटा, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. २०१५ च्या त्याच उन्हाळ्यात लोकोमोतिव्ह सोफियालाही परवाना मिळाला नाही आणि तोही तिसऱ्या स्तरावर गेला.

माझ्या मते हा पहिला निर्णय बरोबर होता आणि त्याचे मोल त्या हंगामातच दिसले. नैऋत्य विभागातील लहान गावांच्या मैदानांवर लाल झेंडे घेऊन माणसे येऊ लागली, माजी खेळाडू प्रशिक्षक झाला आणि संघाने आपला गट जिंकला. त्याहून मोठी गोष्ट चषक स्पर्धेत घडली. २४ मे २०१६ रोजी राष्ट्रीय मैदानावर झालेल्या अंतिम सामन्यात सीएसकेएने अव्वल लीगच्या मोंतानाला १–० असे हरवले. तिसऱ्या स्तरावरील संघाने बल्गेरियन चषक जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. पाठीराख्यांच्या दृष्टीने क्लबाने आपली ओळख कागदावर नव्हे, मैदानावर सिद्ध केली होती. ज्या कंपनीच्या नावाने हा चषक जिंकला गेला, ती मात्र देण्यांतून बाहेर आलेली नव्हती.

लोव्हेचमधील घटना

पुढचा निर्णय समजण्यासाठी त्याच हंगामात लितेक्सचे काय झाले, ते पाहिले पाहिजे. १२ डिसेंबर २०१५ रोजी लितेक्स आणि लेव्स्की यांच्यातील सामन्यात पंचांनी लितेक्सविरुद्ध पेनल्टी आणि लाल कार्ड दिल्यावर लितेक्सचा संघ पहिल्या सत्रातच मैदान सोडून गेला. युनियनच्या शिस्तपालन समितीने त्याला लीगमधून काढून टाकले. दहा संघांची अव्वल लीग उरलेल्या हंगामात नऊ संघांवर आली आणि लितेक्सचा दुसरा संघ तेवढा दुसऱ्या स्तरावर खेळत राहिला.

म्हणजे २०१६ च्या वसंतात चित्र असे होते : सोफियात लोकांचे प्रेम, इतिहास आणि चषक असलेला, पण कंपनी बुडालेला क्लब, आणि लोव्हेचमध्ये कंपनी धडधाकट, पण संघ हाकललेला क्लब. दोन्हींशी एकाच उद्योगपतीचा संबंध होता. त्याच उन्हाळ्यात युनियनने अव्वल लीगचा विस्तार करून ती चौदा संघांची केली. अशा वेळी दोन उणिवा एकमेकींना जोडण्याचा विचार सुचला, यात नवल नाही. तो रोखण्याचा नियम नव्हता, याचे मात्र नवल वाटते.

दुसरा निर्णय : परवान्याचा जवळचा रस्ता

या टप्प्यावरचे पर्याय अधिक अवघड होते, कारण आता गमावण्यासारखे काहीतरी हाती आले होते.

सर्वांत सरळ पर्याय म्हणजे जुन्या कंपनीची देणी फेडणे किंवा धनकोंशी तडजोड करणे आणि मैदानावर मिळवलेल्या हक्काने दुसऱ्या स्तरावर खेळणे. त्यासाठी मोठी रक्कम लागणार होती आणि ती भरणाऱ्याच्या दृष्टीने हा आधीच्या मालकांचा दंड होता. शिवाय धनकोंनी तडजोड मान्य केलीच असती, असे खात्रीने म्हणता येत नाही.

दुसरा पर्याय नवा क्लब काढून चौथ्या स्तरापासून वर येण्याचा होता. युरोपात या मार्गाचे प्रसिद्ध उदाहरण फिओरेन्तिनाचे आहे. २००२ मध्ये तो क्लब बुडाल्यावर फ्लोरेन्स शहरात ‘फ्लोरेन्शिया व्हिओला’ या नावाने चौथ्या स्तरावर नवा संघ उभा राहिला आणि २००३ मध्ये त्याने जुने नाव विकत घेतले. स्कॉटलंडमध्ये रेंजर्स २०१२ मध्ये नव्या कंपनीसह चौथ्या स्तरावर गेला. या मार्गात दोन-तीन हंगाम जातात, पण प्रतिस्पर्ध्याच्या टोमण्याला उत्तर तयार असते : आम्ही खाली जाऊन वर आलो.

तिसरा पर्याय लितेक्सची कंपनी सोफियाला हलवून, तिचे नाव बदलून थेट अव्वल लीगमध्ये उतरण्याचा होता. त्यात एकही हंगाम वाया जात नव्हता, जुनी देणी मागेच राहत होती आणि खेळाडूंसाठी तयार व्यवस्था मिळत होती.

तिसरा पर्याय निवडला गेला. लितेक्सची कंपनी ‘पीएफसी सीएसकेए-सोफिया’ झाली, तिचे मुख्यालय राजधानीत आले, युनियनने तिला परवाना दिला आणि २०१६–१७ चा हंगाम ती अव्वल लीगमध्ये खेळली. जुनी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. लोव्हेचमध्ये शेजारच्या लुकोवित गावच्या क्लबाच्या आधाराने खालच्या स्तरावर पुन्हा एक ‘लितेक्स’ उभा करण्यात आला.

निर्णय घेणाऱ्यांची बाजू समजून घेतली पाहिजे. आणखी काही हंगाम खाली राहिलो, तर उत्साह ओसरेल, तरुण पिढी लेव्स्कीकडे वळेल आणि गुंतवणूक वाया जाईल, ही भीती खोटी नव्हती. २०११–१२ पासून लुदोगोरेत्स या राझग्राद शहराच्या नव्या श्रीमंत क्लबाने दरवर्षी विजेतेपद घ्यायला सुरुवात केली होती. सीएसकेए जितका काळ दूर राहील, तितके ते अंतर वाढणार होते. तरीही माझे मत असे, की वर्षभर तिसऱ्या स्तरावर खेळून जी नैतिक पुंजी जमली होती, ती या निर्णयाने मोठ्या प्रमाणात खर्ची पडली. ज्या क्लबाने मे महिन्यात खालून येऊन चषक जिंकला, त्याच्याबद्दल जूनमध्ये ‘हा तर लितेक्स’ असे म्हणण्याची सोय विरोधकांना विनासायास मिळाली. लेव्स्कीचे पाठीराखे ती सोय आजही वापरतात.

तिसरा निर्णय : बोधचिन्ह व चषकांची खरेदी

नवी कंपनी सीएसकेए-सोफिया म्हणून खेळू लागली, तरी जुने बोधचिन्ह, व्यापारी नाव आणि चषक जुन्या कंपनीच्या मालमत्तेत होते, म्हणजेच दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या ताब्यात. ते २०१६ मध्ये विक्रीला निघाले आणि नव्या क्लबाच्या बाजूने ते विकत घेण्यात आले.

कायद्याच्या दृष्टीने यात चुकीचे काही नाही. दिवाळखोरीत जी वस्तू विकता येते ती विकली जाते आणि मिळालेले पैसे धनकोंना जातात. फिओरेन्तिनानेही हेच केले होते. प्रश्न वेगळाच होता. चषक विकत घेतल्याने तो जिंकल्याचा इतिहासही विकत घेता येतो का? लिलावात १९८२ चा लिव्हरपूलवरील विजय विक्रीला नव्हता. विक्रीला होती चिन्हे आणि वस्तू. त्या हाती असणे ही सलगतेची आवश्यक अट असेल, पण पुरेशी अट नव्हे. याच कारणाने ही खरेदी आवश्यक असूनही तिने वाद मिटला नाही.

खरेदीचा क्रमही महत्त्वाचा ठरला. आधी परवान्याचा रस्ता धरला गेला आणि नंतर चिन्हे आली. मधल्या काळात पाठीराख्यांना काहीही कळवण्यापूर्वी सगळे ठरलेले होते, अशी भावना एका गटात घट्ट झाली.

परिणाम

पहिला परिणाम पाठीराख्यांच्या फुटीचा. लितेक्सच्या परवान्यावर उभा राहिलेला संघ आपला नव्हे, असे मानणाऱ्यांनी २०१६ च्या उन्हाळ्यातच ‘सीएसकेए १९४८’ हा क्लब काढला आणि सोफियाच्या प्रादेशिक लीगमधून, म्हणजे चौथ्या स्तरावरून सुरुवात केली. त्याचे मुख्य ठिकाण वितोशाच्या पायथ्याशी असलेल्या बिस्त्रित्सा गावात होते. बहुसंख्य पाठीराखे, विशेषतः ‘सेक्टर जी’ या नावाने ओळखला जाणारा कट्टर गट ज्या बाजूला होता ती गर्दी, सीएसकेए-सोफियाकडेच राहिली. परंतु छोटा गट टिकला. २०२० मध्ये सीएसकेए १९४८ अव्वल लीगमध्ये पोहोचला आणि तेव्हापासून त्याच लीगमध्ये एकाच नावाचे दोन क्लब एकमेकांविरुद्ध खेळू लागले. नंतर या क्लबामागेही मोठा गुंतवणूकदार आला, तेव्हा ‘पाठीराख्यांचा क्लब’ हे वर्णनही पूर्वीइतके सरळ राहिले नाही.

दुसरा परिणाम युएफा या युरोपीय फुटबॉलच्या शिखर संघटनेच्या नियमातून आला आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत बोलका आहे. युएफाच्या परवाना-नियमांनुसार युरोपीय स्पर्धेसाठी अर्ज करणाऱ्या क्लबाचे राष्ट्रीय संघटनेशी असलेले सदस्यत्व सलग तीन वर्षे टिकलेले असावे लागते. स्पर्धेतील प्रवेश किंवा परवाना सुलभ करण्यासाठी कायदेशीर स्वरूप, मुख्यालय, नाव किंवा रंग बदलले असतील, तर ही सलगता तुटली असे धरता येते. मैदानावर मिळवायचे ते कागदावर मिळवण्याचा मार्ग बंद करणे, हाच या नियमाचा हेतू. सीएसकेए-सोफिया २०१६–१७ मध्ये लुदोगोरेत्सच्या मागे दुसरा आला, परंतु २०१७–१८ च्या युरोपा लीगमध्ये तो खेळला नाही. त्याच्याऐवजी चौथ्या क्रमांकावरील दुनाव्ह रूसे खेळला. जो रस्ता वेळ वाचवण्यासाठी धरला होता, त्याने युरोपच्या बाबतीत एक हंगाम घेतलाच.

क्रीडादृष्ट्या मात्र क्लब सावरला. २०१८ मध्ये तो युरोपा लीगच्या पात्रता फेऱ्यांत परतला, २०२० मध्ये गटसाखळीत पोहोचला आणि त्या वर्षीच्या १० डिसेंबरला सोफियात रोमाला ३–१ असे हरवले. २०२१ मध्ये त्याने बल्गेरियन चषक जिंकला. राष्ट्रीय विजेतेपद मात्र परत आलेले नाही. ही कामगिरी पाहून कोणी म्हणेल, की शेवटी निर्णय योग्यच ठरला. पण तो युक्तिवाद यशावर उभा आहे, ओळखीवर नव्हे आणि दोन्ही बाजूंचे पाठीराखे वाद घालताना नेमके हेच मिसळतात.

या काळातला एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. २०२३ मध्ये युएफा कॉन्फरन्स लीगच्या पात्रता फेरीत सीएसकेए १९४८ ची गाठ रुमानियाच्या एफसीएसबीशी पडली. एफसीएसबी म्हणजे बुखारेस्टच्या स्तेआवावर दावा सांगणारा क्लब. स्तेआवाही सैन्याचाच. तेथे न्यायालयाने नाव सैन्याच्या बाजूने दिल्यावर खासगी मालकाच्या क्लबाला आद्याक्षरांवर भागवावे लागले आणि सैन्याने २०१७ मध्ये स्वतःचा स्तेआवा चौथ्या स्तरावरून सुरू केला. साम्यवादी काळातील सैन्याच्या क्लबांची मालकी खासगी हातांत जाताना कागद नीट झाले नाहीत, तर वीस-पंचवीस वर्षांनी काय उद्भवते, याची ही दोन उदाहरणे एकाच मैदानावर उभी होती. पुढच्या फेरीत एफसीएसबी गेला.

वेगळे काय करता आले असते

पहिली संधी २०१५ ची नव्हे, २००८ ची होती. अपराजित विजेत्याला परवाना मिळत नाही, हे कळल्यावर जुन्या देण्यांचा हिशेब जाहीर करून त्यांच्या फेडीची मुदत ठरवता आली असती. दर मालकबदलाच्या वेळी नवा मालक खेळाडूंच्या खरेदीबद्दल बोलला, ताळेबंदाबद्दल नाही. क्लबाच्या कारभारात पाठीराख्यांना ठोस अधिकार असता, तर निदान प्रश्न विचारला गेला असता.

२०१६ च्या निर्णयाबाबत मला दुसऱ्या स्तराचा पर्याय अधिक शहाणपणाचा वाटतो. हे मत आज सगळे परिणाम माहीत असताना मांडले जात आहे, एवढी सवलत तेव्हाच्या मंडळींना द्यायला हवी. चषकाचा अंतिम सामना २४ मे रोजी झाला. क्लबाची पत, लोकभावना आणि प्रसिद्धी त्या आठवड्यात जितकी वर होती, तितकी त्या दशकात क्वचितच होती. धनकोंसमोर तडजोडीचा प्रस्ताव ठेवण्याची ती वेळ होती. चषक जिंकणाऱ्या संघाचे बोधचिन्ह बुडीत कंपनीसोबत लिलावात जाणे, यापेक्षा टप्प्याटप्प्याने मिळणारे पैसे धनकोंना बरे वाटले असते, अशी शक्यता तरी होती. आणि तडजोड अपयशी ठरली असती, तरी चौथ्या स्तराचा फिओरेन्तिना-मार्ग उरलाच होता.

लितेक्सचाच रस्ता धरायचा झाला, तर निदान तो उघडपणे धरता आला असता. आधी चिन्हांचे हक्क मिळवणे, पाठीराख्यांच्या संघटनांसमोर पर्याय मांडणे, क्लबाच्या घटनेत नाव-रंग-मुख्यालय बदलण्यासाठी त्यांची संमती आवश्यक करणे आणि युएफाकडे सलगतेबाबत आगाऊ विचारणा करणे, इतके तरी शक्य होते. असे झाले असते तर सीएसकेए १९४८ निघालाच नसता, असे नाही. पण जे गेले त्यांच्यापैकी काहींना राहण्याचे कारण मिळाले असते.

युनियनची भूमिका या सगळ्यात फारच कमी तपासली जाते. ज्या कंपनीच्या संघाला जानेवारीपासून लीगबाहेर ठेवले होते, तिला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात नव्या नावाने आणि नव्या शहरात अव्वल लीगचा परवाना देताना, एखाद्या क्लबाची जागा एका शहरातून दुसरीकडे नेता येते का, याचा नियम आधी ठरायला हवा होता. युएफाने तीन वर्षांची अट घालून युरोपपुरता तो प्रश्न सोडवला आहे. देशांतर्गत लीगसाठी अशीच अट घालणे अवघड नव्हते.

आणि लोव्हेच. या प्रकरणावरील चर्चा जवळजवळ नेहमी सोफियाच्या बाजूने होते, जणू लितेक्स हे एक पाकीट होते आणि आत फक्त परवाना होता. चार वेळा देशाचे विजेतेपद जिंकलेल्या त्या क्लबाचेही पाठीराखे होते आणि एका उन्हाळ्यात त्यांचा संघ दोनशे किलोमीटरही दूर नसलेल्या राजधानीत दुसऱ्या रंगात खेळू लागला. ज्या विरोधकांना ‘सीएसकेए-सोफिया म्हणजे लितेक्स’ असे म्हणायचे असते, तेही लोव्हेचच्या लोकांची बाजू मांडत नाहीत. त्यांना फक्त टोमणा हवा असतो. हस्तांतरणाचा कोणताही करार करताना मागे राहणाऱ्या शहराला नाव, युवा संघ आणि मैदान कोणत्या अटींवर मिळेल आणि खालच्या स्तरावर नव्याने सुरुवात करण्यासाठी निधी कोण देईल, हे करारातच लिहिणे शक्य होते. सीएसकेएच्या ओळखीवरची बहुतेक मांडणी लिहिणाऱ्यांनी हा मुद्दा तळटीपेतही घेतलेला नाही.